नावाची कोरी जागा

माझ्या आईने इजिप्त कधी पाहिला नाही. तरी अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून तिने जवळजवळ अख्खी कादंबरी तिथे घडवली. लक्झरच्या उन्हाचं वर्णन करायला तिला एकही पुस्तक उघडावं लागलं नाही. "अकोल्याचा मे महिना लिही," ती म्हणाली, "फक्त कूलर काढून टाक."

ती सांगायची आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचे. वेळ सकाळची, माझी ऑफिसची पहिली मीटिंग सुरू होण्याआधीची. तिच्या हाताला मात्र काम लागायचं. मेथी, मटार, गवार, काहीही चालायचं. हात रिकामे असले की तिला पुढचं सुचायचं नाही. एकदा घरात निवडण्यासारखं काहीच नव्हतं, तर तिने ताटात तांदूळ घेतले. इथल्या पाकिटातल्या तांदळात खडा औषधालासुद्धा सापडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्या सकाळी तिची नायिका दोराला लटकून एका कबरीच्या विहिरीत उतरली, वर चोरांनी दोर कापला, आणि मी मीटिंगला उशिरा पोचले.

आई अकोल्याला शाळेत इतिहास शिकवायची. अभ्यासक्रमात नसलेलं बरंच काही ती वर्गात घुसडायची, आणि कादंबरीतही तेच चाललं होतं. नायिका एक निवृत्त शिक्षिका, अकोल्याचीच, गुडघे दुखणारी आणि कुणालाही न जुमानणारी. ती लक्झरला पोचली कशी, तर म्हणे उत्खनन करणाऱ्यांच्या तुकडीत एक जागा रिकामी होती. "असं कुणालाही घेतात का गं?" मी विचारलं. "तुला अमेरिकेचा व्हिसा कसा मिळाला ते कुणी विचारलं का?" असं उत्तर मिळालं. कादंबरीत नाईल नदीवर शिडाच्या होड्यांचा पाठलाग होता, मूर्ती पळवणारा एक गोडबोल्या व्यापारी होता, आणि ऐन पाठलागात नायिका डब्यातल्या दशम्या खात होती. मी गुपचूप दशम्या गाळल्या. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवताना आईने मला बरोबर तिथेच अडवलं. "उपाशी माणूस पळेल कसा?"

नाईल मात्र बाबांची. बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. लोक पिरॅमिड बघायला जातात, मला ती नदी बघायचीय, असं ते नेहमी म्हणायचे. दरवर्षी पूर यायचा, शेतात गाळ ठेवून जायचा, आणि त्या पुराच्या भरवशावर एक अख्खा देश हजारो वर्षं जेवला, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. जेवताना ते भाताच्या मधोमध वरणाचा प्रवाह काढायचे, त्याला बोटाने फाटे फोडायचे आणि म्हणायचे, "हे बघ, असे कालवे." आई म्हणायची, "अहो, भात गार होतोय." ते इजिप्तला कधी गेले नाहीत. आधी आमची शिक्षणं, मग घर, मग त्यांचा मधुमेह. ते गेल्यावर आई आमच्याकडे येऊन राहिली, आणि एका सकाळी मटार सोलता सोलता म्हणाली, "लिहून घे."

कादंबरीचा अर्धा भाग आजचा आणि अर्धा तीन हजार वर्षांपूर्वीचा. जुन्या भागात कालव्यांवर देखरेख करणारा एक अधिकारी मरतो आणि त्याची बायको त्याच्यासाठी डोंगरात कबर खोदून घेते. आजच्या भागात ती कबर सापडते. आई ती कबर सांगायला लागली की मी टाइप करायची थांबायचे. दिव्याच्या उजेडात उजळलेल्या भिंती, त्यांवर पिकलेलं शेत, बदकं, द्राक्षांचे मांडव, हातात काठी घेऊन पाण्याकडे बघत उभा असलेला तो माणूस. रंग काल लावल्यासारखे ताजे. आणि जिथे जिथे त्याचं नाव असायला हवं, तिथे तिथे नुसता गुळगुळीत गिलावा. विद्वान म्हणतात, शत्रूंनी नाव खरवडलं. पण खरवडल्याची खूण कुठेच नाही. मग नाव गेलं कुठे?

हे कोडं फक्त आईच्या नायिकेला सुटतं. नाव कुणी पुसलेलंच नाही. बायकोनेच रंगाऱ्याला सांगितलेलं असतं, ती जागा कोरी ठेव.

"का?" मी विचारलं.

"अगं, का म्हणजे काय? बायको नवऱ्याचं नाव कसं घेईल?"

मी खोटं सांगत नाही, मला ते फार म्हणजे फारच थोर वाटलं. कारण ती कोरी जागा मी जन्मभर पाहत आले होते. आईने बाबांचं नाव कधी उच्चारलं नाही. "अहो", "हे", "तुझे बाबा", एवढ्यावर तिचा संसार झाला. तिच्या स्वतःच्या नावात, आपल्या सगळ्यांच्या असतं तसं, नवऱ्याचं नाव मधे आहे. पण ते सांगताना ती डबकं ओलांडावं तशी मधल्या नावावरून उडी मारायची. बँकेत कुणी विचारलंच तर पासबुक पुढे सरकवायची. लग्नामुंजीत आग्रह झाला की उखाण्यात तेवढं घ्यायची, तेही भरभर आणि मान खाली घालून. बाबा गेल्यावर तेही थांबलं. इथल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी एकमेकींना उखाणे घ्यायला लावले, तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं, "काकूंना नको." आई तिळगुळाची वाटी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

माझी मुलगी प्राचीन इजिप्तच्या भाषेत पीएच.डी. करते. तिने कम्प्युटर सायन्स सोडलं तेव्हा आमच्या मित्रमंडळींनी घरी येऊन आमचं सांत्वन केलं होतं. बाबांच्या वरणभाताचा यात हात आहे असा माझा जुना संशय आहे. एका रविवारी ती घरी आली, तेव्हा आईने मोठ्या हौसेने मला पाठलागाचं आणि कबरीचं प्रकरण वाचायला लावलं. मुलीने शेवटपर्यंत ऐकलं आणि आजीच्या गळ्यात हात टाकले.

"आजी, स्टोरी एकदम मस्त आहे. आय लव्ह द दशमी पार्ट. पण हे असं होऊच शकत नाही."

"का नाही?"

"त्यांच्यात नाव गेलं की माणूस गेला. लाइक, कायमचा. कुणाला संपवायचं असेल तर ते त्याचं नाव खोडायचे. बायको तर सगळ्यात आधी नाव लिहून घेणार, प्रत्येक भिंतीवर. म्हणजे लोक ते वाचत राहतील." मग ती हसत म्हणाली, "तुझ्या त्या बाईने तर नवऱ्याला मारूनच टाकलं यार."

आईचे हात मटारच्या शेंगेवर थांबले. दुसऱ्या सकाळी मी लॅपटॉप उघडला, पुढ्यात पालकाची जुडी ठेवली. तिने पालक निवडला, धुतला, चिरलासुद्धा, पण इजिप्तबद्दल एक शब्द काढला नाही. त्यानंतरही नाही.

कादंबरी थांबली आणि मग मला इतर गोष्टी दिसायला लागल्या. खरं म्हणजे त्या आधीपासून होत्या, पाठलागाच्या गडबडीत मी लक्ष दिलं नव्हतं. दूध गॅसवर ठेवून ती वर जाऊन झोपायची. होडीचं प्रकरण तिने मला दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा वेगळ्या शेवटाने, आणि आपण दुसऱ्यांदा सांगतोय हे तिला कळलं नव्हतं. शेजारणीशी माझी ओळख करून देताना तिने माझ्या मावशीचं नाव घेतलं. मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

तिथली तपासणी करणारी मुलगी फार गोड होती. ती इंग्रजीत विचारायची, मी मराठीत सांगायचे. ऋतू कोणता, राज्य कोणतं, उलटे आकडे म्हणा, घड्याळ काढा. आईने घड्याळ काढलं आणि त्यात मराठी आकडे घातले. ते बरोबर आहेत हे मला शपथेवर सांगावं लागलं. मग त्या मुलीने घरच्या माणसांबद्दल विचारलं. मुलं किती, राहायला कुठे. आणि मग, तुमच्या मिस्टरांचं नाव?

आईने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. जराशी हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग."

ती मुलगी म्हणाली, प्लीज, त्यांनाच सांगू द्या. मी तिला समजावलं की आमच्याकडे त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिने समजूतदारपणे मान हलवली आणि काहीतरी टाइप केलं. आई तोवर उठून पर्स शोधायला लागली होती. पर्स तिच्या खांद्यालाच होती.

गाडी चालवताना मी स्वतःला सांगत होते की ही नुसती रीत आहे, दुसरं काही नाही. सिग्नलला थांबले तेव्हा ते मला पटेनासं झालं. तिने नाव घेतलं नाही, की तिला ते आलं नाही? बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं. आईच्या कादंबरीतलं कोडं माझ्या घरात येऊन बसलं होतं. बाबांचे कपडे आम्ही वाटले होते, अकोल्याचं घर विकलं होतं. ते खरे राहत होते ते फक्त तिच्यात. तिथूनही त्यांचं नाव गेलं असेल तर काय उरलं?

सरळ विचारायची माझी छाती नव्हती. विचारलं आणि तिला सांगता आलं नाही तर? आपण काय हरवलंय ते मग तिलाही कळलं असतं. म्हणून मी आडून आडून जाळी टाकायला लागले.

"बाबांना ऑफिसात लोक काय म्हणायचे गं?"

"साहेब."

"आणि आत्या?"

"दादा."

"आणि आजी काय हाक मारायची?"

"बाळ." आणि मग, भेंडी पुसता पुसता, "तुला आज काम नाही वाटतं?"

आजीला दुखावल्याचं मुलीच्या मनात राहिलं होतं. तिने ठरवलं की आजीला न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये इजिप्त दाखवायचा. आम्ही तिघी प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेनने गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती, खाली माझे जुने स्नीकर्स आणि वर जावयाचा जाडजूड कोट. "लक्झरला आहे का एवढी थंडी?" असं ती दोनदा म्हणाली, आणि पहिल्यांदा म्हणाली होती हे तिला आठवत होतं की नाही, ते मला कळलं नाही.

त्या दालनांत शिरल्यावर मात्र मी तिच्यावर लक्ष ठेवायचं विसरले. एका काचेच्या पेटीत भाकरी होती. खरीखुरी, तीन हजार वर्षांहून जुनी, कडेला कुणीतरी बोटांनी दाबलेली. ती बोटं दिसत होती! पुढे एक लिननची चादर होती, पिवळी पडलेली. आई काचेला नाक लावून म्हणाली, "बघ, रफू केलंय." होतंच रफू, बारीक, नेटकं, उभ्याआडव्या दोऱ्यांचं. मला त्या बाईचं बसणंसुद्धा दिसलं, उजेडाकडे तोंड करून, दोरा ओठांनी ओला करत. पुढच्या भिंतीवर एक अर्धवट राहिलेलं चित्र होतं. चित्राखाली लाल रंगात आखलेल्या चौकटी तशाच राहिल्या होत्या, आणि एका पावलाची रेघ कुणा वरच्या कारागिराने काळ्या रंगाने सुधारली होती. आई तिथे कितीतरी वेळ उभी राहिली.

"हे असंच काढायचे," ती म्हणाली. "आधी चौकटी. मग कालवा."

इतक्या हजार वर्षांनी एका माणसाची चुकलेली रेघ समोर दिसते आणि तिच्यामुळे आपल्या बाबांची फूटपट्टी आठवते, याला काय म्हणायचं मला माहीत नाही. मी तोंड उघडं ठेवून उभी होते, हे मुलीने नंतर मला फोटोत दाखवलं.

मग ती आम्हांला एका दगडाशी घेऊन गेली. उभा, चुनखडीचा, माणसाच्या छातीएवढा. वर नवरा-बायको जेवणाच्या पाटापुढे बसावं तसे बसलेले, खाली ओळीच ओळी. "मी वाचते हं," ती म्हणाली, आणि वाचायला लागली. ती भाषा मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. यातले स्वर नक्की कसे होते ते कुणालाच ठाऊक नाही, आम्ही अंदाजाने घालतो, असं तिने मधेच सांगितलं. माझ्या पोटची पोर, जिला 'ळ' म्हणता यावा म्हणून मी जंग जंग पछाडलं होतं, ती एका मेलेल्या माणसाचा निरोप त्याच्या भाषेत वाचत होती.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"तो जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांना रिक्वेस्ट करतोय, आजी. की तुम्ही जिवंत आहात, इथून चाललाय, तर थांबा. माझं नाव घ्या आणि म्हणा, याला हजार भाकरी, हजार बिअर मिळू दे. काही आणावं लागत नाही. फक्त तोंडाने म्हणायचं. तेवढा श्वास पुरतो."

"आणि म्हटलं की?"

"मग तो जेवतो."

आई दगडाच्या आणखी जवळ सरकली. "कुणीही म्हटलेलं चालतं?"

"एनीवन."

"आणि नाव घेतलंच नाही तर?"

मुलीला पटकन कळलं नाही. मला मात्र कळलं. "मग, आय मीन, जाणार कुणाला ते?" ती हळूच म्हणाली.

आईने पर्स आणि कोट माझ्याकडे दिले. कोपऱ्यातल्या बाकावर बसून स्नीकर्स काढले, दोन्ही नीट जोडून ठेवले. कोपऱ्यातला पहारेकरी लगबगीने आला, मॅडम, शूज घाला प्लीज. आईने वर्गातल्या दंगेखोर मुलाला दाखवावा तसा त्याला तळहात दाखवला. "वन मिनिट." तो चक्क थांबला. ती मोज्यांवर दगडापुढे उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, हात जोडले.

आणि तिने बाबांचं नाव घेतलं. पहिलं नाव, मग आजोबांचं, मग आडनाव. अगदी स्पष्ट, शाळेत हजेरी घ्यायची त्या आवाजात. मान खाली नाही, घाई नाही, उखाणा नाही. "मुक्काम अकोला," तिने पुढे जोडलं. "हजार भाकरी." मग जराशी थांबली. "बिअर नको, हे प्यायचे नाहीत. हजार कप चहा." पुन्हा थांबली आणि तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "साखर घालून. आता चालेल."

तिने कितीतरी वर्षं त्यांच्या चहात साखर पडू दिली नव्हती. डबा लपवून ठेवायची. ते रुसायचे, ती ऐकायची नाही. मी तिथे, त्या सगळ्या शाळकरी पोरांच्या आणि टूरिस्टांच्या मधे, हमसून हमसून रडले. मुलगीही रडत होती. आई मात्र शांतपणे बूट घालत होती आणि नाड्या बांधायला तिने पहारेकऱ्याला खुणेने खाली वाकायला लावलं. त्याने बांधून दिल्या.

परतीच्या ट्रेनमध्ये तिच्या हातात निवडायला काही नव्हतं. तरी नदीखालचा बोगदा संपल्यावर ती म्हणाली, "लिही." मी फोनवरच लिहायला लागले.

"भिंतीवर नाव नव्हतं, कारण ती रोज स्वतः जाऊन घ्यायची. लिहून ठेवलं असतं तर तिला काय काम उरलं असतं?"

"पण आजी," माझी मुलगी म्हणाली, "ती गेल्यावर?"

"मुलीला सांगून ठेवलं होतं." मग ती माझ्याकडे वळली. "तू केव्हाची उलटतपासणी घेतेयस, मला काय कळत नाही होय? येतं मला. पण उद्याचं सांगता येत नाही. मला आलं नाही तर तू घे."

मी हो म्हटलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, आपल्याला उतरायचं कुठे. मी स्टेशनचं नाव सांगितलं. काही वेळाने तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते मला आधीच कळलं होतं. कादंबरी पुरी झाली, शेवट तिने सांगितला तोच, दशम्यांसकट. आता सकाळी मेथी मी निवडते, ती बाजूला बसते. चहा टाकताना मी बाबांचं नाव मोठ्याने घेते, पहिलं, मग आजोबांचं, मग आडनाव. पहिल्या दिवशी माझीच जीभ अडखळली होती; बाबांना नावाने कोण हाक मारणार? इथे मी ते लिहिलेलं नाही. ते तोंडाने घ्यायचं आहे.

परवा मी ते घेतलं तेव्हा आईने मान वर केली.

"कोण गं हे?"

मी गॅस बारीक केला. "कालवे बांधायचे," मी म्हटलं. "पाणी आणायचे लांबून."

आईने जरा विचार केला. मग साखरेचा डबा ओट्यावरून माझ्याकडे सरकवला.

"मग त्यांना जरा जास्त घाल," ती म्हणाली.